बार्बरा जॉन्स : शाळेसाठी लढलेली विद्यार्थिनी

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्याचा विषय निघाला की मार्टिन ल्यूथर किंग यांचे नाव आपल्याला लगेच आठवते. पण किंग यांचे नाव देशभर होण्याच्या चार वर्षे आधी, व्हर्जिनिया राज्यातील फार्मव्हिल या लहानशा गावात एका सोळा वर्षांच्या मुलीने सगळी शाळा वर्गाबाहेर काढली होती. त्या मुलीची ही गोष्ट.

बार्बरा जॉन्सचा जन्म ६ मार्च १९३५ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. पण ती वाढली व्हर्जिनियात, शेतकरी कुटुंबात. तेथे गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा कायद्यानेच वेगळ्या होत्या. तिची मोटन शाळा १८० मुलांसाठी बांधलेली, आणि १९५१ मध्ये मुले होती साडेचारशेच्या वर! जागा पुरेना म्हणून आवारात लाकडी सांगाड्यावर डांबरी कागद ठोकून शेड उभारल्या. पावसात त्या गळत. हिवाळ्यात शेगडीजवळची मुले घामाघूम, तर दूरची कोट घालून बसलेली. पुस्तके आणि बसगाड्या गोऱ्यांच्या शाळेने वापरून टाकलेल्या. व्यायामशाळा नाही, जेवणाची खोली नाही. पालक आणि प्राचार्य बॉयड जोन्स शिक्षण मंडळाकडे खेटे घालत होते. मंडळ आज-उद्या करीत होते.

बार्बराने ही तक्रार आपल्या संगीत शिक्षिकेकडे केली, तेव्हा बाईंनी तिलाच विचारले की, मग तू काही का करीत नाहीस? हा प्रश्न मुलीच्या मनात घर करून राहिला. तिने निवडक विद्यार्थ्यांना गुप्तपणे एकत्र केले.

पुढचे लिहिताना एक प्राचार्य म्हणून आम्हाला थोडा संकोच वाटतो. २३ एप्रिल १९५१ रोजी जोन्स यांना फोन आला की, गावात तुमची मुले अडचणीत सापडली आहेत. ते धावत गेले. फोन खोटा होता. इकडे प्रत्येक वर्गात त्यांच्या नावाची चिठ्ठी पोहोचली, सर्वांनी सभागृहात जमावे. तीही खोटी. (अशी चिठ्ठी आमच्या शाळेत फिरली, तर आमचे शिक्षकही निमूटपणे वर्ग घेऊन येतील!) पडदा उघडला तर मंचावर बार्बरा. तिची धाकटी बहीण जोन समोर बसली होती, तिलाही काही कल्पना नव्हती. बार्बराने शिक्षकांना बाहेर जाण्याची विनंती केली, बूट काढून बाकावर आपटला आणि नवी शाळा मिळेपर्यंत वर्गात बसायचे नाही, असे सांगितले. मुले उठली. जोन्स परत आले, त्यांनी समजावून पाहिले. मुले बधली नाहीत.

संप दोन आठवडे चालला. मुलांनी रिचमंडच्या ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन या वकिलांना पत्र लिहिले. वकिलांनी अट घातली की, नव्या इमारतीसाठी नव्हे, वेगळ्या शाळांची पद्धतच मोडण्यासाठी लढायचे असेल तर आम्ही येतो. मुले आणि पालक तयार झाले. ११७ विद्यार्थ्यांच्या वतीने दावा दाखल झाला. १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरविल्या. त्या निकालात एकत्र केलेल्या पाच खटल्यांपैकी विद्यार्थ्यांनी सुरू केलेला हा एकच.

याची किंमत मात्र मोठी होती. जोन्स यांची नोकरी गेली. खोटा फोन मुलांचा, शिक्षा प्राचार्यांना; आम्हाला हे अजूनही टोचते. आवारात क्रॉस जाळून धमकी दिली गेली, म्हणून बार्बराला अलाबामात काका व्हर्नन जॉन्स यांच्याकडे पाठवावे लागले. आणि गोऱ्या मुलांबरोबर काळी मुले बसवण्यापेक्षा तेथील अधिकाऱ्यांनी १९५९ मध्ये सगळ्या सरकारी शाळांनाच कुलूप लावले! गोऱ्यांसाठी खाजगी शाळा निघाली. काळी मुले पाच वर्षे सरकारी शाळेविना राहिली, कित्येकांचे शिक्षण कायमचे सुटले. १९६४ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने कुलपे उघडली.

बार्बराने लग्न केले, पाच मुले वाढविली, १९७९ मध्ये पदवी घेतली आणि फिलाडेल्फियाच्या शाळांत ग्रंथपाल म्हणून काम केले. आपल्या पराक्रमाबद्दल ती फारशी बोलत नसे. १९९१ मध्ये तिचे निधन झाले.

वॉशिंग्टनच्या संसदभवनात व्हर्जिनियातर्फे पूर्वी सेनापती रॉबर्ट ली यांचा पुतळा होता. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेच्या फौजेचे ते सेनानी. तो पुतळा २०२० मध्ये हलविला गेला. त्याच्या जागी डिसेंबर २०२५ मध्ये बार्बराचा पुतळा आला. त्यात ती सोळा वर्षांचीच आहे, आणि तिच्या उंचावलेल्या हातात एक फाटके पुस्तक आहे.