भीमरावांची ज्ञानसाधना

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या परळ भागात कामगारांच्या चाळींची दाट वस्ती होती. तेथील डबक चाळीत सुभेदार रामजी सकपाळ आपल्या कुटुंबासह राहावयास आले. साऱ्या कुटुंबाला मिळून एकच खोली होती. तीतच भांडीकुंडी, तीतच सरपण, उशाशी जाते आणि पायथ्याशी बांधलेली शेळी! अशा जागी अभ्यास करावा तरी कसा? रामजींनी एक युक्ती योजिली. त्यांचा मुलगा भीमराव संध्याकाळी लवकर निजे. रामजी स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागत, मग मुलाला उठवीत आणि त्याच्या जागेवर आपण अंग टाकीत. मिणमिणत्या दिव्याच्या उजेडात भीमराव पहाटेपर्यंत वाचीत बसे. हाच मुलगा पुढे डॉक्टर भीमराव रामजी आंबेडकर या नावाने जगप्रसिद्ध झाला.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. आई भीमाबाई त्यांच्या लहानपणीच वारल्या. त्या काळी त्यांच्या जातीला अस्पृश्य मानीत. त्यामुळे शाळेत त्यांना इतर मुलांपासून दूर बसावे लागे आणि पाण्याच्या भांड्याला हात लावण्याची मनाई असे. हा अपमान त्यांच्या मनात खोल रुतला. पण पुस्तकांवरील त्यांचे प्रेम त्याने तसूभरही उणे झाले नाही. भीमरावांना एखादे पुस्तक हवे असले आणि घरात पैसे नसले, म्हणजे रामजी आपल्या विवाहित मुलींकडे जात, त्यांचा एखादा दागिना मागून आणून गहाण ठेवीत आणि निवृत्तिवेतन हाती येताच तो सोडवून परत करीत.

एल्फिन्स्टन हायस्कुलात असताना भीमराव चर्नी रोडजवळच्या बागेत वाचीत बसत. तेथे कृष्णाजी अर्जुन केळुसकर या विद्वान शिक्षकांची त्यांच्याशी ओळख झाली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. एवढेच करून ते थांबले नाहीत. पुढे त्यांनीच बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला आणि भीमरावांना दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. तिच्या बळावर ते पदवीधर झाले. १९१३ च्या फेब्रुवारीत रामजींनी जगाचा निरोप घेतला. त्याच वर्षी महाराजांची दुसरी शिष्यवृत्ती घेऊन भीमराव अमेरिकेत न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी केवळ परीक्षा देऊन मिळत नाही. तिच्यासाठी एखाद्या विषयाचा दीर्घकाळ शोध घ्यावा लागतो आणि आपल्याला जे नवे सापडले ते पुराव्यांनिशी लिहून काढावे लागते. या लेखनाला प्रबंध म्हणतात. हे काम ज्याचे त्यानेच करावयाचे असते. महिनोन् महिने उत्तर सापडत नाही, पैसा संपत येतो, घरची आठवण छळते आणि मन खचू लागते. अशा वेळी बुद्धीइतकीच सोबतीचीही गरज भासते.

भीमरावांना ही सोबत वसतिगृहात लाभली. लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात त्यांच्या खोलीत नवल भथेना नावाचे एक पारशी विद्यार्थी राहत होते. दोघे एकाच देशातून आलेले, पण दोघांचे धर्म वेगळे आणि घरची परिस्थितीही वेगळी. मायदेशी जे अंतर पाळले गेले असते, ते या खोलीत उरले नाही. तेथे जुळलेली मैत्री पुढे जन्मभर टिकली. पोटाला चिमटा घेऊन वाचवलेल्या पैशांतून भीमराव जुनी पुस्तके विकत घेत आणि दिवसाचे बहुतेक तास ग्रंथालयात घालवीत. १९१५ साली ते एम्. ए. झाले आणि १९१६ साली त्यांनी आपला प्रबंध विद्यापीठाला सादर केला.

त्यानंतर अधिक अभ्यासासाठी ते लंडनला गेले. परंतु १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि शिक्षण अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. तेव्हा पहिले महायुद्ध चालू होते. त्यांचे ग्रंथ ज्या बोटीतून येत होते, ती बोट शत्रूने पाणतीर मारून बुडविली. मोठ्या कष्टाने जमविलेला ग्रंथसंग्रह समुद्राच्या तळाशी गेला. बडोद्यात नोकरी मिळाली; पण एवढ्या विद्वान माणसाला राहावयास कोणी जागा देईना. एके दिवशी लोकांनी त्यांना बिऱ्हाडातून बाहेर काढले, तेव्हा एका झाडाखाली बसून त्यांनी अश्रू ढाळले. विद्येने पदवी मिळाली, तरी माणसांच्या मनातील अढी गेली नव्हती.

भीमराव मुंबईस परतले. १९१८ साली ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. पगार चांगला असूनही ते परळच्या चाळीतच काटकसरीने राहिले. कारण लंडनचे अपुरे शिक्षण त्यांना पुरे करावयाचे होते. १९२० साली त्यांनी साठविलेली रक्कम जमेस धरली, तरी ती अपुरीच होती. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी साहाय्य केले. नवल भथेना यांनी ५,००० रुपये कर्जाऊ दिले. पत्नी रमाबाईंनी चाळीतील संसाराचा भार पुन्हा एकवार शिरावर घेतला आणि ओढग्रस्तीचे ते दिवस धीराने काढले.

लंडनमध्ये भीमराव सकाळी ब्रिटिश म्यूझियमच्या ग्रंथालयात जात आणि ते बंद होईपर्यंत तेथेच वाचीत बसत. दुपारच्या जेवणावर पैसा आणि वेळ खर्च करणे त्यांना परवडत नसे. रात्री खोलीवर पुन्हा वाचन सुरू होई. दहाच्या सुमारास भूक अनावर झाली, म्हणजे ओळखीच्या एका गृहस्थाने दिलेल्या पापडांतील चार पापड ते पत्र्याच्या ताटलीवर भाजून घेत आणि कपभर दुधाबरोबर खात. खोलीतील सोबती मध्येच जागे होत, तो भीमराव वाचीतच असत. आता निजावे, असा आग्रह ते करीत. पण भीमरावांना हाती असलेला थोडा काळ वाया घालवावयाचा नव्हता.

१९२२ साली त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरील आपला प्रबंध सादर केला. त्यात ब्रिटिश सरकारच्या धोरणावर परखड टीका होती. परीक्षकांनी तो पुन्हा लिहावयास सांगितला. जवळचा पैसा संपला होता. १९२३ साली भीमराव मुंबईस आले आणि प्रबंध नव्याने लिहून त्यांनी लंडनला पाठविला. भाषा बदलली, पण आपले निष्कर्ष त्यांनी सोडले नाहीत. वकिलीची सनद घेण्यासाठी लागणाऱ्या पैशांकरिताही भथेनाच धावून आले. त्याच वर्षी प्रबंध मान्य झाला आणि लंडन विद्यापीठाने त्यांना डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी दिली. कोलंबियाची पदवी मात्र प्रबंध छापून दिल्यावाचून मिळत नव्हती. छपाई १९२५ साली झाली आणि पदवी १९२७ साली हाती आली. प्रबंध सादर केल्यापासून अकरा वर्षे लोटली होती!

या पदव्या केवळ आपल्या एकट्याच्या कष्टाचे फळ आहे, असे डॉक्टर आंबेडकरांनी मानले नाही. रुपयावरील ग्रंथ त्यांनी आपल्या आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला. कोलंबियाचा ग्रंथ त्यांनी सयाजीराव महाराजांस अर्पण केला. ज्यांच्यापाशी असे वडील, असे गुरू वा असे मित्र नव्हते, त्या मुलांची काळजी त्यांनी स्वतः वाहिली. १९२४ साली त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापिली आणि पुढच्याच वर्षी सभेने सोलापुरास विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. पुढे दादरला त्यांनी राजगृह हे घर बांधले, ते मुख्यतः आपल्या ग्रंथांसाठी. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, तेही त्यांच्याच प्रयत्नांनी.

६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे देहावसान झाले. दादरच्या समुद्रकिनारी त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. तेथील चैत्यभूमीवर दरवर्षी त्या दिवशी लाखो लोक जमतात. जवळच्या शिवाजी पार्कवर पुस्तकांची असंख्य दुकाने मांडलेली असतात, आणि दूरदूरच्या खेड्यांतून आलेली माणसे परत जाताना आपल्या मुलांसाठी तेथून पुस्तके घेऊन जातात.