वाग्भट आणि अंगाला न लागणारं जेवण

मुलगी काटकुळी असली की घरात बोलणी सुरू होतात. चार पोळ्या खाते, पण अंगाला काही लागत नाही, अशी आईची तक्रार. मग कुणी शतावरी सुचवतं, कुणी दूध-केळं, आणि कुणी सरळ तिलाच दोष देऊन मोकळं होतं. मैत्रिणींनो, अशा शरीराचा विचार साधारण तेराशे वर्षांपूर्वी एका वैद्यांनी बारकाईने लिहून ठेवलाय. ते म्हणजे वाग्भट.

त्यांचा जन्म सिंधू देशातला. आजोबांचं नावही वाग्भटच, वडील सिंहगुप्त. वैद्यकी ते वडिलांकडे आणि अवलोकित नावाच्या गुरूंकडे शिकले. ‘अष्टांगसंग्रहा’त स्वतःबद्दल त्यांनी सांगितलंय ते एवढंच. त्या काळी चरक, सुश्रुत असे मोठमोठे ग्रंथ वेगवेगळे अभ्यासावे लागत. वाग्भटांनी त्यांचं सार एकत्र आणलं. ‘अष्टांगहृदय’ हा १२० अध्यायांचा ग्रंथ तर पाठ करता यावा म्हणून श्लोकांत आहे. (दोन्ही ग्रंथ एकाच वाग्भटांचे की दोघांचे, यावर अभ्यासकांत वाद आहे.)

वात प्रकृतीचं वर्णन त्यांनी असं केलंय: उंच, कृश बांधा, कोरडे केस, थंडी सोसत नाही, झोप कमी, बोलणं फार, चालताना सांधे वाजतात, खाणं भरपूर, आणि स्वप्नात डोंगर चढणं किंवा आकाशात उडणं! बायकांना न आवडणारा, असंही एक लक्षण दिलंय. म्हणजे डोळ्यांपुढे पुरुषच होता, बाईची प्रकृती आपली आपणच ताडायची. पण कडकडून भूक लागणं आणि खाल्लेलं भराभर जिरणं हे मात्र त्यांनी पित्ताचं मानलं. त्याला ते तीक्ष्ण अग्नी म्हणतात. वाताचा अग्नी विषम, आज भरपूर खाईल तर उद्या नकोसं. म्हणून सगळ्या सडपातळ बायकांना एकच औषध देऊन चालत नाही.

प्रकृती गर्भ राहतानाच ठरते, असं त्यांचं मत. तिघींत वात प्रकृतीला त्यांनी हीन ठरवलं, हे काही मला पटत नाही. पण उपचारांच्या अध्यायात तेच वाग्भट लठ्ठपणापेक्षा कृशपणा बरा म्हणतात, कारण लठ्ठपणावर इलाज अवघड. कृश माणसाला त्यांनी काय दिलं? पौष्टिक जेवण, भरपूर झोप, आनंद आणि चिंतेपासून सुटका. एवढं मिळालं तर तो डुकरासारखा पुष्ट होतो म्हणे! आता सगळ्यांची ताटं वाढून शेवटी जेवणाऱ्या सुनेला यातलं काय मिळतं, तुम्हीच सांगा. अंगाला रोज तेल लावायलाही ते सांगतात, विशेषतः डोकं, कान आणि तळपायांना. त्याने वात शमतो आणि शीण जातो, असं त्यांचं म्हणणं.

एक मात्र लक्षात ठेवा. प्रकृती जन्माची असते. चांगली भरलेली बाई दोन-तीन महिन्यांत वाळायला लागली, छातीत धडधड, सारखी तहान, संध्याकाळचा ताप किंवा न थांबणारा खोकला असेल, तर ती प्रकृती नव्हे. थायरॉइड, साखर, क्षय यांची तपासणी डॉक्टरांकडे करून घ्यायलाच हवी.

ऋषींचे ग्रंथ असताना हा नवा कशाला, हा प्रश्न वाग्भटांना अपेक्षित असावा. ग्रंथाच्या शेवटी त्यांनी बजावलंय, की सांगणारा कोण हे पाहू नका, सांगितलेलं योग्य आहे का ते पाहा. लोकांनी ते मानलं. ग्रंथाचं तिबेटी भाषांतर झालं, केरळातल्या अष्टवैद्य घराण्यांनी तो मुखोद्गत केला. आपल्याकडे तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचे मंत्री हेमाद्री, म्हणजे देवळांमुळे ठाऊक असलेले हेमाडपंत, यांनी त्यावर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. पुढे मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने मूळ ग्रंथ हेमाद्रींच्या टीकेसह छापला.