सैन्यातच राहिलेला सेनापती

चार माणसांचे नेतृत्व आपल्याकडे येते, तेव्हा हजरत अबू उबैदा बिन जर्राह (रजि.) यांचे चरित्र डोळ्यांसमोर आणावे. उहुदच्या रणात प्रेषितांच्या (स.) गालात रुतलेल्या शिरस्त्राणाच्या कड्या त्यांनी दातांनी उपसल्या, समोरचे दात त्यात गेले. पुढे खलीफा हजरत उमर (रजि.) यांनी हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांच्या जागी त्यांना शामचे सेनापती नेमले. इतका पराक्रमी वीर हाताखाली आला, तरी त्यांनी खालिदना दूर सारले नाही, आघाडीवरच ठेवले. घरात सामान म्हणाल तर तलवार, ढाल आणि खोगीर.

हिजरी १८ (इ.स. ६३९) मध्ये शाममध्ये अमवासची प्लेगची साथ पसरली. त्यांचा जीव वाचावा म्हणून खलीफांनी तातडीचे काम सांगून त्यांना मदीनेस बोलावले. पत्रामागचा हेतू त्यांनी ओळखला. सैनिकांना सोडून येता येणार नाही, असे कळवून क्षमा मागितली. उत्तर वाचून उमर (रजि.) रडले. ही अवज्ञा होती काय? दुसरे पत्र पाहा. साऱ्या फौजेला सखल भागातून उंचावरच्या जाबियाकडे हलवण्याचा हुकूम त्यात होता आणि तो त्यांनी तत्काळ मानला. पहिले पत्र त्यांच्या एकट्यासाठी होते. मात्र तोवर रोगाने त्यांना गाठले. अखेरीस लोकांची धुरा त्यांनी हजरत मुआज बिन जबल (रजि.) यांच्या हाती दिली.