केसरीचे पहिले संपादक

कऱ्हाडजवळील टेंभू या खेड्यांत १४ जुलै १८५६ रोजीं गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म झाला. घरीं अत्यंत गरिबी. विद्येसाठीं त्यांनीं कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला अशी वणवण केली. पुण्यास डेक्कन कॉलेजांत असतांना त्यांजपाशीं एकच सदरा होता. तो रात्रीं धुवावा व सकाळीं घालावा, असें सांगतात. अशा मुलानें एम्. ए. होऊन मोठ्या पगाराची नोकरी धरावी, ही आईची अपेक्षा कांहीं गैर नव्हती. परंतु आपला मार्ग निराळा आहे, हें त्यांनीं तिला पत्रानें कळविलें. आणि कॉलेजांतील स्नेही टिळक यांच्यासमवेत अल्प वेतनावर न्यू इंग्लिश स्कूलमध्यें शिकविण्याचें पत्करिलें.

१८८१ सालीं केसरी निघाला व त्याचें संपादकत्व आगरकरांकडे आलें. कोल्हापूर प्रकरणीं १८८२ सालीं दोघां मित्रांनीं डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढिले. सुटून येतांच लोकांनीं त्यांचा मोठा सत्कार केला.

वाचकहो, तुरुंगवास हा त्या मानानें सोपा होता! बालविवाह, विधवांचें केशवपन यांवर आगरकरांची लेखणी चालूं लागली, तेव्हां तेच लोक बिथरले. शिवाय पत्र एकट्या संपादकाचें नव्हतें. सामाजिक बाबतींत सरकारनें कायदा करूं नये, असें टिळकांचें व इतर कांहीं सहकाऱ्यांचें मत होतें. आणि आपणांस न पटणारें मत आपल्याच पत्रांतून कां निघावें, ही त्यांची तक्रारहि अगदींच अवाजवी म्हणतां येणार नाहीं. आगरकरांनीं मौन धरिलें असतें, तर खुर्ची राहिली असती व मैत्रीहि राहिली असती. १८८७ सालीं त्यांनीं संपादकत्व सोडिलें.

पुढील वर्षीं त्यांनीं स्वतःचें सुधारक पत्र काढिलें. त्याची इंग्रजी बाजू आरंभीं गोपाळ कृष्ण गोखले पाहत. संतापलेल्या पुणेकरांनीं आगरकरांच्या जिवंतपणींच त्यांच्या प्रतिमेची प्रेतयात्रा काढिली. दम्यानें शरीर पोखरलें होतें, तरी लेखन थांबलें नाहीं व अध्यापनहि सुटलें नाहीं. १८९२ सालीं ते फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले.

१७ जून १८९५ रोजीं, वयाचीं चाळीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, त्यांचा अंत झाला. केसरींतील मृत्युलेख टिळकांनीं लिहिला. तो लिहितांना त्यांस अश्रू आवरेनात, असें म्हणतात.