गणितात नापास, पटकथेत अव्वल! गदिमांच्या प्रवासातून नव्या पटकथाकारांना काय शिकता येईल?

मुक्ताईनगर : मोबाईलवर शॉर्टफिल्म शूट करणारी पोरं आता तालुक्या-तालुक्यात आहेत. कॅमेरा मिळतो, एडिटिंग ॲप फुकट मिळतं. अडतं ते कथेपाशी. मग प्रश्न येतो, पटकथा शिकायला मुंबईच गाठायची का? याचं उत्तर ग. दि. माडगूळकर यांच्या आयुष्यात सापडतं.

सुरुवात कशी झाली?

जन्म १ ऑक्टोबर १९१९, आताच्या सांगली जिल्ह्यातलं शेटफळे. घरची गरिबी. शिक्षण औंध संस्थानात झालं, पण गणितानं घात केला आणि मॅट्रिक राहिली. (आम्हा इंजिनीअरिंगवाल्यांना हा विषय किती जणांना बुडवतो हे वेगळं सांगायला नको.) पोटासाठी ते कोल्हापूरच्या चित्रपटसृष्टीत शिरले. तेही लेखक म्हणून नाही. १९३८ च्या 'ब्रह्मचारी'त त्यांनी छोटी भूमिका केली. वि. स. खांडेकरांकडे लेखनिकाचं काम केलं, पुढे के. नारायण काळे यांच्या हाताखाली राहिले.

हे लेखनिकाचं काम दुय्यम समजू नका. मोठा लेखक वाक्य कसं जुळवतो, कुठे थांबतो, काय खोडतो, हे रोज समोर दिसतं. आज कुठल्या रायटर्स रूममध्ये किंवा सिरियलच्या टीममध्ये असिस्टंटचं काम मिळत असेल, तर ते याच जातीचं आहे. पैसे कमी असतील, तरी घ्यावं.

ब्रेक कधी मिळाला?

१९४७ च्या 'राम जोशी'नं. कथा, संवाद, गीतं त्यांची, शिवाय भूमिकाही. पुढे राजा परांजपे दिग्दर्शक, सुधीर फडके संगीतकार आणि गदिमा लेखक असं त्रिकूट जमलं. 'लाखाची गोष्ट', 'ऊन पाऊस', 'जगाच्या पाठीवर' हे त्यातलेच. एकटा लेखक फार लांब जात नाही. आपल्या वेगाचा दिग्दर्शक शोधावा लागतो.

मोठी गोष्ट कुठे सापडली?

स्वतःच्याच मुलखात. औंध संस्थानानं आटपाडीजवळ स्वतंत्रपूर इथे कैद्यांची खुली वसाहत उभारली होती. भिंती नाहीत, शेती करायची, विश्वासावर राहायचं. शेटफळे त्याच आटपाडी तालुक्यात. या प्रयोगावरून गदिमांनी 'दो आँखें बारह हाथ' लिहिला. व्ही. शांताराम यांच्या या १९५७ च्या चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं आणि बर्लिन महोत्सवातही तो गौरवला गेला.

आता आपल्या तालुक्याकडे बघा. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव आहे. योगी चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना कोरं पत्र पाठवल्याची कथा इथे प्रत्येकाला पाठ आहे. एकही संवाद नसलेला असा सीन लिहायला भलेभले धडपडतात! कोथळीहून पंढरपूरला महिनाभर चालत जाणारी मुक्ताईची पालखी, केळीच्या बागा, लेवा बोली… कच्चा माल कमी नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. नुसत्या कल्पनेला कॉपीराइट नसतो, लिहिलेल्या मजकुराला असतो. म्हणून कथा कुणालाही ऐकवण्याआधी पूर्ण लिहून काढा. मुंबईतल्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे सदस्यांना ती ऑनलाइन नोंदवता येते. त्यासाठी रेल्वेचं तिकीट लागत नाही.

गदिमा १४ डिसेंबर १९७७ रोजी पुण्यात गेले. तोवर दीडशेच्या आसपास मराठी चित्रपटांशी त्यांचं नाव जोडलं गेलं होतं. धाकटे भाऊ व्यंकटेश यांनीही पटकथा लिहिल्या. आणि स्वतंत्रपूरची ती वसाहत आजही चालू आहे.