शेजारीण जेन अॅडम्स

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा चिटणीसबाईंचा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पत्र आणि वाण्याची यादी यांपलीकडे माझ्या हातून फारसे लिहिणे झालेले नाही. पण गेल्या पावसाळ्यात माझी धाकटी मुलगी कॉलेजातून एक इंग्रजी पुस्तक घेऊन आली होती. मी तांदूळ निवडायला बसले की ती त्यातले मराठीत सांगत असे. ते जेन अॅडम्स या अमेरिकन बाईंचे चरित्र. त्या १९३५ साली वारल्या. पण ऐकताना मला सारखी आपली वाडी आणि आपले मंडळच आठवत होते. तेच आज लिहिते. चुकले-माकले तर भगिनींनी सांभाळून घ्यावे.

जेनबाईंचा जन्म ६ सप्टेंबर १८६० रोजी इलिनॉय प्रांतातल्या सीडरव्हिल या लहानशा गावी झाला. घर खाऊनपिऊन सुखी. वडील गिरणीचे मालक, लोकांत मान असलेले, आणि अब्राहम लिंकन यांचे स्नेही. जेन दोन वर्षांची असतानाच आई गेली. लहानपणापासून पाठीच्या कण्याचे दुखणे मागे लागलेले. १८८१ साली शिक्षण संपले आणि त्याच वर्षी वडीलही गेले. डॉक्टर होण्याचा बेत दुखण्यामुळे सोडावा लागला. पुढची सात-आठ वर्षे हाताशी पैसा आहे, शिक्षण आहे, पण करायचे काय हे कळेना, अशी गेली.

पुढे युरोपच्या प्रवासात लंडनचा टॉयनबी हॉल त्यांनी पाहिला. शिकलेले तरुण तेथे गरिबांच्या वस्तीत येऊन राहत. जेनबाईंच्या मनाने ते घेतले. एलन गेट्स स्टार या मैत्रिणीला बरोबर घेऊन १८ सप्टेंबर १८८९ रोजी शिकागो शहरात हॉल्स्टेड रस्त्यावरच्या एका जुन्या वाड्यात त्या राहायला गेल्या. हल नावाच्या गृहस्थांनी तो बांधला होता, म्हणून त्याला हल हाऊस म्हणत.

त्या वस्तीत इटालियन, जर्मन, आयरिश, ग्रीक, पोलंड आणि बोहेमियाकडचे लोक, रशियातून आलेले ज्यू असे सगळे दाटीने राहत. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नसे. धर्म वेगळे, सण वेगळे, आणि मनात एकमेकांविषयी अढी. शहरातले जुने गोरे लोक या सगळ्यांनाच उपरे समजत. जेनबाई तेथे शिकवायला म्हणून गेल्या नाहीत. शेजारीण म्हणून गेल्या. पहिल्यांदा मुलांची बालवाडी निघाली, मग कामावर जाणाऱ्या आयांच्या तान्ह्यांसाठी पाळणाघर. लेकरू कडेवर घेतले की भाषा लागत नाही, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

चुका त्यांच्याही झाल्या. पहिल्या नाताळात त्यांनी मुलींपुढे मिठाई ठेवली, तर काही मुली हात लावीनात. विचारले तेव्हा कळले, त्या मिठाईच्या कारखान्यात कामाला होत्या. सहा आठवडे सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत तेच काम करून त्यांना मिठाई नजरेसमोर नको झाली होती. आणखी एकदा वस्तीसाठी पौष्टिक अन्नाचे स्वयंपाकघर काढले. सगळे शास्त्राप्रमाणे मोजून-मापून. पण शेजारणींना आपापल्या देशाची चव हवी होती. ते अन्न कोणी फारसे नेईना. तेव्हापासून आधी विचारायचे आणि मग करायचे, हे जेनबाई शिकल्या.

वस्तीत कचऱ्याचे ढीग साचत आणि मुले आजारी पडत. हल हाऊसमध्ये बायकांचे एक मंडळ होते, आपल्यासारखेच. त्यातल्या बारा बायका घरातले आटोपून संध्याकाळी गल्ल्या तपासायला निघू लागल्या. दोन महिन्यांत त्यांनी आरोग्य खात्याकडे १,०३७ तक्रारी धाडल्या. तरी काम धड होईना. तेव्हा १८९५ साली कचरा उचलण्याचा ठेका मिळावा म्हणून जेनबाईंनी स्वतःच अर्ज केला. ठेका मिळाला नाही, पण मेयरने त्यांना त्या वॉर्डाच्या कचऱ्याचे इन्स्पेक्टर नेमले. सकाळी सहाला उठून त्या गाड्यांच्या मागे फिरत. एका बोळात अठरा इंच कचरा उपसल्यावर खाली फरसबंदी लागली. तेथे रस्ता आहे हे कोणाला ठाऊकच नव्हते. कचरा इटालियनाचा की आयरिशाचा हे रोगराई विचारीत नाही, म्हणून त्या कामात सगळ्यांना एक होता आले.

आता राजकारणाची गोष्ट. त्या वॉर्डाचा नगरसेवक लाचखाऊ म्हणून गाजलेला होता. हल हाऊसने निवडणुकीत त्याच्या विरुद्ध जोर लावला, पण तोच पुन्हा पुन्हा निवडून आला. दुसरे कोणी असते तर मते देणाऱ्यांना अडाणी म्हणून मोकळे झाले असते. जेनबाईंनी लोक त्याला मत का देतात याचा शोध घेतला. तो मुलांना नोकऱ्या लावी, मयताला स्वतः हजर राही, नाताळला घरोघर पक्षी वाटी. गरजेला धावून येणाऱ्याला लोक कसे सोडतील? त्याची लाच त्यांना पटली नाही, पण शेजाऱ्यांचे मन त्यांना कळले आणि तसे त्यांनी १८९८ साली लिहिलेही. हल हाऊसमध्ये दर आठवड्याला वादसभा भरे. समाजवादी, व्यापारी, कामगार सगळे येऊन भांडत, आणि पुढच्या आठवड्याला पुन्हा येत.

मला सर्वांत जास्त भावली ती सुताची गोष्ट. एक म्हातारी इटालियन बाई हातातल्या चातीवर सूत काढीत बसलेली जेनबाईंनी पाहिली. परदेशात आलेल्या अशा आयांची मुले इंग्रजी बोलू लागत आणि आईच्या गावंढळ वेषाची त्यांना लाज वाटू लागे. म्हणून १९०० साली जेनबाईंनी हल हाऊसमध्ये एक संग्रहालय काढले. तेथे निरनिराळ्या देशांच्या बायका आपापल्या पद्धतीने सूत काढून दाखवीत. एक मुलगी स्वयंपाकाच्या वर्गाला येई, पण आईबरोबर दिसू नये म्हणून दुसऱ्या दाराने आत शिरे. एके दिवशी तिने पाहिले की मोठमोठी माणसे आपल्या आईभोवती जमून तिच्या हाताचे कौतुक करीत आहेत. त्यानंतर ती आईच्याच दाराने येऊ लागली. हे सांगताना माझी मुलगी जरा थांबली. मीही तांदळातून मान वर केली नाही.

कृष्णवर्णी लोकांना त्या काळी गोऱ्यांच्या पंगतीत जागा नव्हती. १८९९ साली कृष्णवर्णी स्त्रियांच्या मंडळांची परिषद शिकागोत भरली, तेव्हा जेनबाईंनी प्रतिनिधींना हल हाऊसमध्ये जेवायला बोलावले. पुढे १९०९ साली त्यांच्या हक्कांसाठी मोठी संस्था निघाली, तिच्या पहिल्या आवाहनावर जेनबाईंची सही होती. पण १९१२ साली ज्या नव्या पक्षात त्या गेल्या, त्याने दक्षिणेकडच्या कृष्णवर्णी प्रतिनिधींना सभेत घेतले नाही. जेनबाईंनी विरोध केला. तो मानला गेला नाही. तरी त्या पक्षातच राहिल्या. हे मला खटकले. पण थोरांचे हेही सांगावे, म्हणून लिहिले.

पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर १९१५ साली हेग येथे बारा देशांतल्या हजाराहून जास्त स्त्रिया जमल्या. त्यांत आपसांत लढणाऱ्या देशांच्या स्त्रियाही होत्या. अध्यक्ष होत्या जेनबाई. त्यानंतर त्या दोन्ही बाजूंच्या मंत्र्यांना भेटून आल्या. १९१७ साली अमेरिका युद्धात उतरली, आणि काल डोक्यावर घेणारे लोक त्यांना देशद्रोही म्हणू लागले. व्याख्यानांची बोलावणी थांबली. १९१९ साली त्या जर्मनीत गेल्या आणि शत्रूच्या उपाशी मुलांसाठी त्यांनी मदत मागितली, तेव्हा तर शिव्याशापच झाले. त्यांनी काम सोडले नाही. १९३१ साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या अमेरिकन स्त्री. २१ मे १९३५ रोजी त्या वारल्या, तेव्हा दर्शनाला हजारो लोक लोटले. हल हाऊसच्या तेरा इमारतींपैकी दोन आज उरल्या आहेत आणि तेथे त्यांचे संग्रहालय आहे.

आता माझे सांगते. आमच्या खालच्या मजल्यावर परप्रांतातले एक कुटुंब दोन वर्षे राहते. त्यांची भाषा वेगळी, देवधर्म वेगळा. त्या बाईला मी एकदाही हळदीकुंकवाला बोलावले नव्हते. आणि मागच्या निवडणुकीत आपल्या मंडळात दोन तट पडून किती जणींचे बोलणे बंद झाले, ते तुम्ही जाणताच. त्यात मीही होते.

यंदा संक्रांतीला मी खाली जाऊन त्या बाईला बोलावले. त्या आल्या, दाराशीच अवघडून बसल्या. मग भिंतीवरचे माझे भरतकाम पाहून जवळ आल्या आणि त्यांचा एक टाका मला दाखवला. तो मला अजून नीट जमत नाही. त्या दर बुधवारी शिकवतात. मंडळातल्या आमच्या दोन मैत्रिणी अजून एकमेकींशी बोलत नाहीत. पण पुढच्या महिन्यात वाडीची टाकी धुवायची आहे. त्या दिवशी दोघींनाही बोलावणे जाणार आहे, आणि ते पोचवायचे काम मी माझ्याकडे घेतले आहे.