मद्याच्या भट्टीतून जीवाणूभक्षकाकडे : फेलिक्स डी'हेरेल

खारदांडा ते वांद्रे या किनारपट्टीवर माडांच्या रांगा ही एकेकाळी नित्याची गोष्ट होती. झाडावरून उतरवलेली ताजी माडी गोड असते. दिवस चढेल तशी ती फसफसते आणि काही दिवस तशीच राहू दिली, तर आंबट होऊन तिचा शिरका होतो. शहरात व्हिनेगर या नावाने मिळणारा पदार्थ याच जातीचा. हे काम करणारा कारागीर मात्र डोळ्यांना दिसत नाही. अ‍ॅसेटोबॅक्टर वर्गातील जीवाणू हवेतील प्राणवायूच्या साहाय्याने मद्यार्काचे अ‍ॅसेटिक आम्लात रूपांतर करतात. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी १८६० च्या दशकात हे सप्रयोग दाखवून दिले होते.

या कारागिराचाही एक शत्रू आहे. आधुनिक कारखान्यांत शिरका मोठमोठ्या टाक्यांमध्ये, खालून अखंड हवा खेळवून तयार केला जातो. युरोपातील अशा कारखान्यांत चांगली चाललेली प्रक्रिया कधी कधी एकाएकी मंदावत असे. १९८० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे कारण दिसले. जीवाणूंवरच हल्ला चढवणारे विषाणू टाकीत शिरले होते. या प्रकारच्या विषाणूंना बॅक्टेरिओफाज, म्हणजे जीवाणूभक्षक, हे नाव देणाऱ्या संशोधकाच्या आयुष्याची सुरुवातही आंबवण्याच्या प्रयोगांतूनच झाली होती. रोगांविरुद्ध या विषाणूंचा वापर करण्याच्या ध्यासाने तो मुंबईतही येऊन गेला होता. फेलिक्स डी'हेरेल हे त्याचे नाव.

डी'हेरेल यांचा जन्म २५ एप्रिल १८७३ रोजी झाला. आपण कॅनडातील माँट्रियलचे, असे ते सांगत. परंतु पुढे झालेल्या शोधातून त्यांचे जन्मस्थान पॅरिस असल्याचे आढळले. विद्यापीठाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. सूक्ष्मजीवशास्त्र ते पुस्तके वाचून आणि घरच्या प्रयोगशाळेत हात चालवून शिकले. कॅनडात मेपल वृक्षाच्या गोड पाकापासून मद्य बनवण्याचे प्रयोग त्यांनी केले. भावासह चॉकलेटच्या कारखान्यात गुंतवलेला पैसा मात्र बुडाला. १९०१ मध्ये ते बायको-मुलींसह ग्वाटेमालाला गेले. तेथे सरकारी रुग्णालयातील जीवाणूतज्ज्ञाचे काम सांभाळताना केळ्यांपासून मद्य काढण्याची कामगिरीही त्यांच्याकडे आली. त्यानंतर मेक्सिकोत घायपातीच्या वाया जाणाऱ्या गराचे मद्य करण्याची पद्धत त्यांनी बसवली. सूक्ष्मजीवांकडून काम कसे करून घ्यावे, याचे शिक्षण त्यांना असे भट्टीवर मिळाले.

मेक्सिकोत १९१० च्या सुमारास टोळधाड आली. मेलेल्या टोळांच्या शरीरातील जीवाणू वेगळे काढून त्यांनी टोळांमध्येच रोग पसरवण्याचा प्रयत्न केला. या जीवाणूंची वाढ करताना, दाट थरामध्ये मधूनच स्वच्छ, वर्तुळाकार ठिपके पडलेले त्यांना दिसले. तेथील जीवाणू नाहीसे झाले होते. याचा अर्थ तेव्हा लागला नाही, पण ते दृश्य त्यांच्या मनातून गेले नाही.

पहिल्या महायुद्धाच्या काळात ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करीत होते. १९१५ मध्ये फ्रेंच सैनिकांत रक्ती आवेची साथ पसरली. रुग्णांच्या मलाचा अर्क जीवाणूही अडकतील अशा बारीक गाळणीतून गाळून तो त्यांनी आवेच्या जीवाणूंच्या द्रावात मिसळला. गढूळ द्राव रात्रीतून नितळ झाला. ज्याच्या नमुन्यात ही शक्ती आढळली, तो रुग्णही त्याच सुमारास सुधारू लागला. जीवाणूंवर जगणारा, गाळणीतूनही निसटणारा एखादा सूक्ष्म परजीवी हे करीत असला पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. सप्टेंबर १९१७ मध्ये तो फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे मांडला गेला. इंग्रज संशोधक फ्रेडरिक ट्वॉर्ट यांनी १९१५ मध्येच अशा घटनेची नोंद केली होती. त्याआधी, १८९६ मध्ये, आग्र्यात काम करणारे अर्नेस्ट हॅन्किन यांनी गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात आणि उकळलेल्या पाण्यात तो गुण राहत नाही, असे लिहून ठेवले होते. मात्र हा सजीव परजीवी आहे, असे ठामपणे मांडून त्याचा औषध म्हणून पाठपुरावा करणारे डी'हेरेलच.

१९१९ मध्ये पॅरिसच्या रुग्णालयात आवेने आजारी असलेल्या १२ वर्षांच्या मुलाला जीवाणूभक्षक देण्यापूर्वी त्यांनी तो स्वतः पिऊन पाहिला. मुलगा बरा झाला. १९२५ मध्ये इजिप्तमध्ये सुवेझ कालव्यातील एका जहाजावरील प्लेगच्या ४ रुग्णांना त्यांनी हे औषध टोचले आणि चौघेही वाचले. ही वार्ता ब्रिटिश सरकारपर्यंत गेली. १८९६ पासून प्लेगने मुंबईला पोळून काढले होते आणि त्यावरील लसीचे काम परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये चालत होते. १९२५ मध्ये त्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव मिळाले. याच संस्थेत १९२६ मध्ये डी'हेरेल यांनी प्लेगवर प्रयोग केले. सुवेझच्या यशाची खात्रीची पुनरावृत्ती करणे मात्र भारतात साधले नाही.

१९२७ मध्ये पटकीच्या अभ्यासासाठी ते पुन्हा भारतात आले. पंजाबात त्यांनी रुग्णांना जीवाणूभक्षक पाजले आणि गावांच्या विहिरींतही ते ओतले. उपचार घेतलेल्यांतील मृत्यूंचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच कमी असल्याचे त्यांनी नोंदवले. पुढे आसामातही असे प्रयोग झाले. तथापि, कोणता विषाणू कोणत्या जंतूला मारतो हे न तपासता विकली जाणारी औषधे, अपुऱ्या तुलना आणि शास्त्रज्ञांतील टोकाचे वाद यांमुळे ही पद्धत संशयाच्या भोवऱ्यात सापडली. नोबेल विजेते झूल बोर्दे तर जीवाणूभक्षक हा सजीव आहे, हेच मानायला तयार नव्हते.

डी'हेरेल १९२८ मध्ये अमेरिकेच्या येल विद्यापीठात प्राध्यापक झाले, पण तेथे रमले नाहीत. १९३३ पासून त्यांनी जॉर्जियातील तिबिलिसी येथे मित्र जॉर्ज एलियावा यांच्या संस्थेत काम केले. १९३७ मध्ये स्टॅलिनच्या राजवटीने एलियावा यांना गोळ्या घातल्या आणि डी'हेरेल यांनी त्या देशात पुन्हा पाऊल ठेवले नाही. दुसऱ्या महायुद्धात व्हिशी येथे त्यांच्या वाट्याला नजरकैद आली. १९४० मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने जीवाणूभक्षकाचे छायाचित्र टिपले आणि त्यांचे म्हणणे खरे ठरले. पण तोवर पेनिसिलिनचे युग उजाडत होते. नोबेलसाठी अनेकदा नाव सुचवले जाऊनही ते त्यांना मिळाले नाही. २२ फेब्रुवारी १९४९ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले.

जीवाणूभक्षक आपल्या ठरलेल्या जीवाणूला चिकटतो, आपला जनुकीय ऐवज त्याच्यात सोडतो, त्याच्याच यंत्रणेकडून स्वतःच्या असंख्य प्रती घडवून घेतो आणि शेवटी त्याला फोडून बाहेर पडतो. शिरक्याच्या टाकीत त्याचा हाच गुण संकट ठरतो. टाक्या धुऊन काढणे आणि त्या विषाणूला बळी न पडणारे जीवाणू वापरणे, असे उपाय कारखानदाराला योजावे लागतात. रुग्णाच्या शरीरात मात्र तोच गुण प्राण वाचवू शकतो. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंनी जेरीस आणलेल्या जगाला आता ही जाणीव नव्याने होत आहे. २०१६ मध्ये अमेरिकेत मरणाच्या दारात पोहोचलेला एक प्राध्यापक याच उपचाराने वाचला. तिबिलिसीची संस्था आजही हे औषध बनवते. परळला हाफकिन संस्थाही उभी आहे. प्रतिजैविकांपूर्वी जंतूंविरुद्ध जंतूंचाच वैरी उभा करू पाहणारा, पदवी नसलेला एक संशोधक याच इमारतीत राबून गेला, याची आठवण मुंबईने ठेवायला हवी.